इनॉपॉर्च्यून: एक शब्द, एक बंदर आणि आमची भिजलेली हळद

पुसदवरून बोलतोय. ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, बसमध्ये रेंज गेली, किंवा हेडफोनचा एकच कान चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलतानाचे माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा शब्द आहे 'इनॉपॉर्च्यून'. अर्थ सांगायला दहा सेकंद पुरतात: चुकीच्या वेळी आलेलं, नको त्या वेळचं. 'ॲन इनॉपॉर्च्यून मोमेंट' म्हणजे नको ती वेळ. झालं, एपिसोड संपला असता. पण हा शब्द मला एवढा पाठ का आहे, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हा शब्द मला न कळल्यामुळं आमच्या घराची हळद भिजली.

झालं काय होतं

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. बी.टेक. केलं, चार वर्षं पुण्यात काढली, आणि आता वर्क फ्रॉम होम करून पुसदलाच राहतो. घर गावात आणि शेत गावापासून चौदा किलोमीटर. शेतात बाबांचा साधा बटणांचा फोन लागतो, पण नेट नाही. त्यामुळं आमच्या घरात कामाची वाटणी ठरलेली: शेत बाबा पाहतात, आभाळ मी पाहतो. म्हणजे मोबाईलवर. पाऊस येणार का, वीज पडणार का, वारा कुठून आहे, हे बाबा मला फोन करून विचारतात.

मागच्या मार्चमध्ये आमची हळद शिजवून झाली होती आणि वाळायला टाकली होती. ज्यांच्याकडं हळद नसते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हळद जमिनीतून काढली की ती उकळून, म्हणजे शिजवून घ्यावी लागते. मग दहा-पंधरा दिवस कडक उन्हात पसरायची. पार खणखणीत वाळली की पॉलिश करायची आणि मग मार्केटला न्यायची, आमच्याकडून हिंगोली किंवा वसमतला. या सगळ्यात वाळवण्याचे ते पंधरा दिवस सर्वांत नाजूक. आठ-नऊ महिने पाणी पाजून वाढवलेल्या पिकाला त्या पंधरा दिवसांत मात्र पाण्याचा थेंब चालत नाही. भिजली की रंग जातो, बुरशी धरते, आणि व्यापारी हळकुंड हातात घेऊन मोडून बघतो तेव्हा त्याला सगळं कळतं.

आमची साधारण अठरा क्विंटल हळद शेतात पसरलेली होती. ताडपत्र्या मात्र गावातल्या घरी होत्या. आदल्या आठवड्यात चुलतभावाकडं कार्य होतं, तिथं मांडवाला वापरल्या होत्या आणि परत शेतात न्यायच्या राहिल्या होत्या. 'उद्या नेतो,' हे मी तीन दिवस म्हणत होतो.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला माझा एका इंग्लंडच्या क्लायंटबरोबर कॉल होता. आपले साडेतीन म्हणजे मार्चच्या सुरुवातीला त्यांचे सकाळचे दहा. कॉल सुरू झाला आणि दहाव्या मिनिटाला बाबांचा फोन. मी कापला. परत आला, परत कापला. तिसऱ्यांदा फोन टेबलावर थरथरत फिरायला लागला तसा मी तो हातानं दाबून धरला. हे क्लायंटनं कॅमेऱ्यात पाहिलं. माणूस सभ्य होता. त्यानं विचारलं, 'सॉरी, इज धिस ॲन इनॉपॉर्च्यून मोमेंट?'

मला त्यातलं फक्त 'ऑपॉर्च्यून' ऐकू आलं. माझ्या डोक्यात लगेच 'ऑपॉर्च्युनिटी' पेटलं. वाटलं, हा नवीन मॉड्यूलच्या कामाबद्दल बोलतोय, संधी द्यायचं म्हणतोय. मी छाती फुगवून म्हणालो, 'नो नो सर, इट्स अ ग्रेट मोमेंट!'

तो म्हणाला, 'लव्हली,' आणि पुढं चाळीस मिनिटं बोलला.

कॉल संपला तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. बाबांना फोन लावला. पलीकडून आधी पावसाचाच आवाज आला. मग बाबा म्हणाले, 'काहून फोन कापत होतास रे? आभाळ भरून आलतं, म्हटलं ताडपत्र्या घेऊन ये.' गाडीवर वीस मिनिटांचा रस्ता आहे. पहिल्या फोनला निघालो असतो तर पोचलो असतो.

म्हणजे बघा, त्या माणसानं मला दार उघडून दिलं होतं. 'तुझी अडचण आहे का, नंतर बोलू का?' एवढंच तो विचारत होता. मी फक्त 'येस, सॉरी' म्हणायचं होतं. एका शब्दाचा अर्थ कळला नाही, म्हणून मी ते दार स्वतःच्या हातानं लावून घेतलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. इंजिनियर माणूस काय करणार? बग सापडला की त्याच्या मुळाशी जायचं. मी त्या शब्दाच्या मुळाशी गेलो. आणि तिथं सापडलं एक बंदर.

शब्दाचे तुकडे

कोड वाचतो तसा हा शब्द वाचू. तीन तुकडे आहेत: इन, ऑप आणि पॉर्च्यून.

पहिला तुकडा 'इन'. हा लॅटिनमधला नकार आहे, म्हणजे 'नाही'. इनकरेक्ट, इनव्हॅलिड, इनकंप्लीट यांच्यातला. मराठीत आपण 'अ' लावतो: अवेळ, अयोग्य, अपूर्ण. तेच काम.

दुसरा तुकडा 'ऑप'. हा मुळात 'ऑब' आहे. अर्थ: च्या दिशेनं, च्या समोर. 'ऑब्स्टॅकल' मधला ऑब हाच, समोर उभं राहिलेलं ते ऑब्स्टॅकल, म्हणजे अडथळा. मग 'ऑब' चा 'ऑप' कसा झाला? पुढं 'प' आला म्हणून. हे तर आपण शाळेत शिकलोय! सत् अधिक जन बरोबर सज्जन. पुढच्या 'ज' नं मागच्या 'त्' ला आपल्यासारखं करून घेतलं. तसंच पुढच्या 'प' नं मागच्या 'ब' ला 'प' करून घेतलं. मराठी व्याकरणात याला संधी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, थोड्या वेळानं परत लागणार आहे.

तिसरा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा. लॅटिन 'पोर्तुस', म्हणजे बंदर. एअरपोर्ट आणि सीपोर्टमधला पोर्ट तोच.

आता जोडून बघा. ऑब अधिक पोर्तुस: बंदराच्या दिशेनं. त्यावरून लॅटिनमध्ये 'ऑपोर्तूनुस' हा शब्द झाला, आणि तो सुरुवातीला कशासाठी वापरला जायचा? वाऱ्यासाठी! जो वारा जहाजाला बंदराकडं घेऊन जातो तो 'ऑपोर्तूनुस'. पुढं त्याचा अर्थ पसरत गेला: सोयीचा, अनुकूल, योग्य वेळी आलेला. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि 'ऑपॉर्च्यून' झाला. 'ऑपॉर्च्युनिटी' त्याचीच बहीण. आणि त्याला 'इन' लावून 'इनॉपॉर्च्यून' हा शब्द सोळाव्या शतकात इंग्रजीत दिसायला लागला.

म्हणजे लिंक्डइनवर रोज सकाळी जे 'एक्सायटेड फॉर धिस न्यू ऑपॉर्च्युनिटी' वाचता ना, त्याचा मूळ अर्थ आहे, 'माझं जहाज बंदरापाशी आणणारा वारा सुटलाय.' आणि इनॉपॉर्च्यून म्हणजे वारा आहे, जोरात आहे, पण तुमच्या बंदराकडं जाणारा नाही.

उच्चाराचं एक सांगून टाकतो. ब्रिटिश माणूस जोर 'नॉ' वर देतो आणि पुढचं गिळतो. अमेरिकन माणूस शेवटच्या 'टून' वर जोर देतो. दोघांच्याही तोंडी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तर पटकन उमजत नाही. तेव्हा मला फार हसू नका.

वाऱ्याची वाट पाहणारी माणसं

आज आपल्याला वारा म्हणजे काय? पंखा एक नंबरवर की पाचवर, एवढाच प्रश्न. पण शिडाच्या जहाजासाठी वारा हेच इंजिन. वारा विरुद्ध असला तर बंदर समोर दिसत असूनही आत शिरता येत नाही. माल आहे, माणसं आहेत, घेणारा किनाऱ्यावर उभा आहे, पण वेळ तुमच्या हातात नाही. अशा समाजात 'चांगली वेळ' या कल्पनेला 'बंदराकडचा वारा' हे नाव पडलं, तर त्यात नवल नाही.

रोमन लोकांनी तर बंदराचा देवच ठेवला होता, पोर्तूनुस नावाचा. बंदरं, दारं आणि किल्ल्या त्याच्या ताब्यात. सतरा ऑगस्टला त्याचा सण असायचा. त्याचं देऊळ रोममध्ये टायबर नदीजवळ आजही उभं आहे.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटत असेल, तर थांबा. पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक भाषेतलं एक पुस्तक आहे, खलाशांसाठी लिहिलेलं मार्गदर्शक. त्यात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं येतात: सुप्पारा म्हणजे आजचं नालासोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल. आत डोंगरापलीकडच्या पैठणचं नाव येतं, आणि तगरचंही, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं. या गावांतून माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचा. तेरहून कापड जायचं. म्हणजे आपला समुद्राशी संबंध नाही असं म्हणायचं कारण नाही. बैलगाडीनं का होईना, होता.

त्या पुस्तकात भारताकडं निघायची वेळही दिली आहे: इजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघा. का? कारण तेव्हा नैर्ऋत्येचा वारा शिडं भरून थेट आपल्या किनाऱ्याकडं आणतो. परत जायचं तर हिवाळ्यात, वारा उलटा फिरल्यावर. तो हुकला तर पुढच्या वर्षापर्यंत बसा.

आता गंमत बघा. तो नैर्ऋत्येचा वारा कोणता? आपला मान्सून! जो वारा रोमन व्यापाऱ्यांची जहाजं भडोचला आणायचा, तोच जूनमध्ये ढग घेऊन पुसदला येतो आणि आपण कपाशी लावतो. 'मान्सून' हा शब्द आला अरबी 'मौसिम' वरून. अरबीतून पोर्तुगीजमध्ये, तिथून इंग्रजीत. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. तोच शब्द आपल्याकडं 'मोसम' म्हणून आला. म्हणजे खलाशांनी वाऱ्याला नावच 'वेळ' असं दिलं.

मग जो पाऊस मोसमात येत नाही, त्याला आपण काय म्हणतो? बेमोसमी. 'बे' म्हणजे नाही, आणि मोसम म्हणजे वाऱ्याची ठरलेली वेळ. इनॉपॉर्च्यूनचं याहून नेमकं मराठी मला तरी सापडलं नाही. लॅटिनवाल्यांनी वारा, बंदर आणि नकार जोडला. आपण वारा, हंगाम आणि नकार जोडला.

अवकाळी येतो कसा

थोडं विज्ञान. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं पाऊस का येतो? विदर्भ देशाच्या मधोमध आहे, त्यामुळं इथं दोन्हीकडचे वारे भेटतात. उत्तरेकडून, पश्चिमी झंझावाताबरोबर थंड आणि कोरडी हवा खाली उतरते. पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरावरून दमट हवा येते. खाली जमीन तापलेली असते. गरम दमट हवा जोरात वर चढते, वर थंडीत जाऊन गोठते, आणि मग गडगडाट, वादळ, कधी गारपीट. सकाळी आभाळ स्वच्छ आणि चार वाजता गारांचा सडा, हे त्यामुळं होतं.

यात वाऱ्याची काही चूक नाही. पाणीही तेच आहे. हेच पाणी जुलैत आलं तर आपण त्याला नमस्कार करतो. मार्चमध्ये मात्र शेतात गहू उभा असतो, हरभऱ्याची गंजी लागलेली असते, हळद वाळत असते, संत्र्याला बार धरलेला असतो. वस्तू वाईट नाही, वेळ वाईट. इनॉपॉर्च्यून या शब्दाचा गाभा हाच.

वस्तू बरोबर, वेळ चूक

हा गाभा समजला की हा शब्द कुठं वापरायचा आणि कुठं नाही, ते आपोआप कळतं. इंग्रजीत या घराण्यातले बरेच शब्द आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

'अनटाइमली' म्हणजे अकाली. व्हायला हवं त्याच्या खूप आधी झालेलं. मृत्यूसाठी बहुतेक वेळा हाच वापरतात: अनटाइमली डेथ. तिथं इनॉपॉर्च्यून लावलात तर 'मेला ते मेला, पण गैरसोयीच्या वेळी मेला' असा वास येतो. श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये चुकूनही लावू नका.

'इनकन्व्हीनियंट' म्हणजे गैरसोयीचं. यात वेळ असेलच असं नाही, जागा किंवा पद्धतही असू शकते.

'इनअप्रोप्रिएट' म्हणजे अयोग्य. गोष्टच मुळात चूक. मयताच्या घरी मोबाईलवर लग्नातलं गाणं वाजलं तर ते इनॉपॉर्च्यून, कारण गाणं चांगलं आहे, वेळ चुकली. पण कुणाला शिवी दिली तर ते इनअप्रोप्रिएट, कुठल्याही मुहूर्तावर दिली तरी.

'प्रीमॅच्युअर' म्हणजे वेळ यायच्या आधीच. पिकण्याआधी तोडलेलं.

याचं इतिहासातलं एक झकास उदाहरण आहे. १८६९-७० मध्ये रोमला कॅथलिक चर्चची मोठी धर्मपरिषद भरली होती. पोपचं धर्माबाबतचं औपचारिक वचन चुकू शकत नाही, असा ठराव करायचा होता. विरोध करणाऱ्या बिशपांमध्ये बऱ्याच जणांचं म्हणणं असं होतं की 'ठराव खोटा आहे असं नाही, पण आत्ता करू नका, ही वेळ नाही.' या गटाला नावच पडलं 'इनॉपॉर्च्युनिस्ट'. ठराव १८ जुलै १८७० ला मंजूर झाला. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सनं प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, आणि सप्टेंबरमध्ये इटलीच्या सैन्यानं रोमच घेतलं. वेळेबद्दल ओरडणाऱ्यांना 'बघा, सांगत होतो' म्हणायची सोय झाली.

आणि त्याच दशकात फ्रान्समध्ये गांबेटा यांच्या गटाला 'ऑपॉर्च्युनिस्ट' म्हणायला लागले. म्हणजे वारा पाहून शीड फिरवणारे. मराठीत संधिसाधू. हा शब्द समजावून सांगायला आपल्याला फ्रान्सची गरज नाही, रोजचा पेपर पुरतो.

अजून एक भाऊ आहे: 'इम्पॉर्च्यून'. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ 'बंदर नसलेला', म्हणजे जिथं टेकायला जागा नाही असा, म्हणून त्रासदायक. इंग्रजीत तो क्रियापद झाला: मागं लागून भंडावून सोडणं. जेवायला बसलं की 'सर, पर्सनल लोन पाहिजे का' असा फोन येतो, तो एकदा आला तर इनॉपॉर्च्यून. रोज आला तर ते इम्पॉर्च्यून करणं झालं.

आपल्याकडची वेळ

आता मराठीकडं येऊ. वाईट वेळेसाठी आपल्याकडं शब्दांची कमी नाही. अवेळी, अवकाळी, अकाली, भलत्या वेळी, नको तेव्हा, ऐनवेळी. यातला 'ऐन' अरबीतून फारसीमार्गे आलेला, मुळात 'डोळा' आणि 'नेमका' अशा अर्थांचा. ऐनवेळी म्हणजे नेमक्या वेळी. पण आपण तो बहुतेक वेळा 'ऐनवेळी लाइट गेली' असाच वापरतो. नेमक्या वेळी चांगलं काही होत नाही, असा आपला अनुभव असावा.

म्हणींमध्ये तर आपण वेळ चुकण्याचे प्रकारच पाडलेत. वरातीमागून घोडं, म्हणजे उशीर. बैल गेला अन् झोपा केला, म्हणजे नुकसान झाल्यावर बंदोबस्त. तहान लागल्यावर विहीर खणणं, म्हणजे तयारीच नाही. दुष्काळात तेरावा महिना, म्हणजे आधीच वाईट, त्यात अजून भर. माझ्या केसमध्ये या चारही म्हणी लागू होत्या. ताडपत्र्या मी दुसऱ्या दिवशी सकाळी नेल्या.

चांगल्या वेळेचे शब्दही बघा. 'मोका' हा अरबी 'मौका' वरून, मूळ अर्थ एखादी गोष्ट पडते किंवा घडते ती जागा. म्हणजे तिकडंही जागेवरूनच वेळ आली, बंदरावरून संधी आली तशी. आणि आपली 'संधी'? ती संस्कृतमधली, अर्थ जोड, सांधा. संधिकाल म्हणजे दिवस आणि रात्र जुळते ती वेळ. संधिवातातला संधी तोच. व्याकरणातला संधीही तोच. म्हणजे सज्जन जुळतो ती संधी, नोकरी मिळते तीही संधी. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. दोन गोष्टी एका जागी येऊन जुळल्या की संधी. रोमन माणसाला ती वाऱ्यात दिसली, आपल्याला सांध्यात.

आणि सगळ्यात शेवटी जे सापडलं, त्यानं मी रात्री दोन वाजता अंथरुणात उठून बसलो. आपला साधा शब्द, 'वेळ'. हा संस्कृत 'वेला' वरून आला. आणि संस्कृतात 'वेला' चे अर्थ काय? मर्यादा, काळ, आणि समुद्राचा किनारा! भरतीलाही वेलाच म्हणतात. जिथं समुद्र थांबतो ती रेघ, आणि जिथं काळ थांबतो ती रेघ, दोन्हीला एकच शब्द.

म्हणजे रोममधला माणूस चांगली वेळ शोधायला बंदरावर गेला, आणि आपला पूर्वजही 'वेळ' म्हणताना किनाऱ्यावरच उभा होता. एकमेकांना न विचारता. पुसदहून समुद्र सरळ रेषेत धरला तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास. माझ्या बाबांनी तो एकदाच पाहिलाय. पण रोज सकाळी 'वेळ काय झाली' म्हणताना ते समुद्राचंच नाव घेतात.

कोकणात ही गोष्ट अजूनही जिवंत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात, आणि दर्या खवळलेला असतो. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा आणि होड्या पाण्यात लोटायच्या. समुद्र तोच, होडी तीच. जुलैत नाही, श्रावणातल्या पौर्णिमेनंतर होय.

वापरायचा कसा

कामाचं सांगतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

कुणाला फोन केला आणि मागं गोंधळ ऐकू आला, तर विचारा: 'इज धिस ॲन इनॉपॉर्च्यून टाइम?' साध्या भाषेत 'इज धिस अ बॅड टाइम?' हेही चालतं. खरं तर तेच बरं, समोरच्याची हळद वाचते.

कुणी तुम्हाला विचारलं आणि खरंच अडचण असली, तर उत्तर: 'येस, ॲक्चुअली. कॅन आय कॉल यू बॅक इन हाफ ॲन अवर?' एवढंच. माफीचे चार परिच्छेद नकोत.

आणि शब्द कळला नाही, तर सर्वांत उपयोगी वाक्य: 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट.' हे वाक्य मला बी.टेक. च्या चार वर्षांत कुणी शिकवलं नाही. आम्हाला शिकवलं ते कॉन्फिडन्स दाखवायला. न कळता कॉन्फिडन्सनं दिलेलं उत्तर किती महाग पडतं, ते मी क्विंटलमध्ये सांगू शकतो.

मग हळदीचं काय झालं

विचारणारच होतात. निम्मी बऱ्यापैकी वाचली. बाबांनी आणि शेजारच्या शेतातल्या काकांनी घमेल्यांनी उचलून शेडमध्ये नेली होती. निम्मी भिजली. परत वाळवली, पण रंग उतरला तो उतरलाच. मार्केटला दोन वेगळे ढीग लागले आणि दुसऱ्या ढिगाला भाव तुटला. त्या पैशात बहिणीच्या हॉस्टेलची फी भरायची होती. ती माझ्या पगारातून भरली. त्यामुळं घरात कुणी मला काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

एक गोष्ट मी एपिसोडमध्ये बोललो नव्हतो, इथं लिहितो. सुरुवातीला मी म्हणालो की शब्द कळला नाही म्हणून हळद भिजली. हे पूर्ण खरं नाही. समजा त्यानं साध्या इंग्रजीत विचारलं असतं, 'तुला आत्ता अडचण आहे का?' तरी मी 'नो नो' च म्हणालो असतो. कारण क्लायंटचा कॉल कधीच चुकीच्या वेळी येत नाही, आणि घरचा फोन नेहमी चुकीच्याच वेळी येतो, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. वारा कुणाच्या बंदराकडं चाललाय, हे बघायच्या आधी बंदर कुठलं ते ठरवावं लागतं. मी इंग्लंडचं बंदर धरून बसलो होतो. माझं जहाज चौदा किलोमीटरवर उघड्यावर पसरलं होतं.

आता दोन बदल केलेत. ताडपत्र्या शेतातच असतात. आणि लागोपाठ दोनदा बाबांचा फोन आला, तर समोर कुणीही असो, मी उचलतो. परवा असाच एका मीटिंगमध्ये आला. मी 'एक्सक्यूज मी' म्हणून उचलला. बाबा म्हणाले, 'काही नाही रे, सहज केला. कामात होतास का?'

मी म्हणालो, 'नाही बाबा. बोला.'

चला, भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडं वाईट वेळेसाठी एखादा खास गावाकडचा शब्द असेल, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कुठलाही, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनो, दामिनी ॲप फोनमध्ये नसेल तर टाकून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलंय, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. ताडपत्री मात्र तुम्हालाच न्यावी लागेल.